केळीच्या बागेतील सुपरमॅन : एका संपादित छायाचित्राचा प्रकरण अभ्यास

चोपडा तालुक्यातील एका गावात फोटो स्टुडिओ चालविणाऱ्या तरुणाने गणेशोत्सवातील प्रदर्शनासाठी छायाचित्रांची एक मालिका करायला घेतली. परदेशी चित्रकथांतील अतिमानव खान्देशच्या रोजच्या व्यवहारात वावरताना दाखवायचे, अशी त्याची कल्पना होती : एसटीच्या स्थानकावर पिशवी घेऊन उभा असलेला स्पायडरमॅन, तुरकाठ्यांच्या जाळावर वांगी भाजून ती बडजीत (भरीत ठेचण्याच्या लाकडी भांड्यात) ठेचणारा हल्क आणि केळी कापणाऱ्या टोळीसोबत सुपरमॅन. मी जळगावात छायाचित्र-संपादन शिकवतो. त्यामुळे पहिली प्रत दाखवायला तो माझ्याकडे आला आणि छपाईपर्यंतचे काम मला जवळून पाहता आले. मालिकेतील इतर चित्रे बरी झाली. येथे मात्र केवळ केळीच्या बागेतील चित्राचा विचार केला आहे, कारण अशा कामात काय चुकते आणि ते का चुकते हे या एका चित्रात जितके स्पष्ट दिसले तितके इतर चित्रांत दिसले नाही. चित्राचा आणि त्यात दिसणाऱ्या माणसांचा वर्षभर अभ्यास करता येईल असा ऐवज त्यात आहे, असे मला आजही वाटते.

मूळ छायाचित्र त्याने स्वतः मोबाईलवर काढलेले होते. मे महिन्याचा अखेरचा आठवडा, मृगबागेची (म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीची) कापणी सुरू, वेळ पावणेबाराची. टोळीतील मजूर खांद्यावर घड घेऊन एकामागून एक बागेच्या सावलीतून बांधाकडे येत आहेत. बांधाजवळ केळीची पाने अंथरून त्यांवर उतरवलेल्या घडांची रास आहे आणि मागे अर्धा भरलेला ट्रक उभा आहे. सर्वांच्या डोक्याला बागायती रुमाल गुंडाळलेले आहेत. रांगेतील दुसऱ्या आणि तिसऱ्या मजुरामध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. त्या मोकळ्या जागेमुळेच हे चित्र निवडले गेले. संपादनाचा स्पर्श होण्यापूर्वीही हे छायाचित्र चांगले होते, ही गोष्ट पुढील सर्व चर्चेत लक्षात ठेवावी लागते.

पहिल्या प्रतीत त्या मोकळ्या जागी इंटरनेटवरून घेतलेला सुपरमॅन उभा केला होता. दोन्ही हात कमरेवर, छाती पुढे, हनुवटी किंचित वर, लाल झगा उजवीकडे फडफडणारा. कापून घेण्याचे काम सफाईने केले होते. पायांशी सॉफ्टवेअरमधील तयार परिणाम वापरून एक मऊ, लांबट सावलीही दिली होती. स्टुडिओत आलेल्या गिऱ्हाइकांनी चित्राचे कौतुक केले. मात्र तरुणाने जेव्हा ही प्रत छापून टोळीला दाखवली, तेव्हा टोळीतील एका ज्येष्ठ मजुराने ती बराच वेळ न्याहाळून अहिराणीत विचारले, “हाऊ नुस्ता उभा शे, काम काय करस?” मुकादमाने त्यावर भर घातली की याच्या कपड्यांवर चिकाचा एक डागही नाही, म्हणजे हा आजच बागेत आलेला दिसतो.

या दोन अभिप्रायांत या प्रकरणाचे सार आहे, असे माझे मत आहे. छायाचित्र-संपादनाची परिभाषा त्यांना अवगत नव्हती, परंतु ज्या ठिकाणी चित्र फसले होते त्या ठिकाणी त्यांची नजर थेट गेली. अतिमानव आपल्या अंगणात खरा वाटायचा असेल, तर त्या अंगणातील प्रत्येक नियम त्याला लागू झाला पाहिजे : तिथले ऊन, तिथली माती, तिथला चीक आणि तिथले काम. पहिल्या प्रतीतील सुपरमॅनला यांपैकी एकही नियम लागू नव्हता. त्याला आकाशात उडता येते ही गोष्ट पाहणारा आनंदाने मान्य करतो, पण त्याची सावली इतरांपेक्षा वेगळ्या दिशेला पडते ही गोष्ट तो मान्य करत नाही, मग कारण सांगता येवो वा न येवो.

सावलीचा हिशेब

जळगाव जिल्हा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य येथे जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण तिच्या पायाखालीच राहते. घड्याळात ही मध्यान्ह बरोबर बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि चोपडा-जळगाव हा पट्टा त्याच्या पश्चिमेस सुमारे सात अंशांवर आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली, तर येथील मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. छायाचित्र पावणेबाराचे, म्हणजे मध्यान्हीच्या सुमारे चाळीस मिनिटे आधीचे. सूर्य एका तासात पंधरा अंश सरकतो. म्हणून त्या वेळी तो शिरोबिंदूपासून सुमारे दहा अंश पूर्वेला होता. अशा स्थितीत सहा फूट उंचीच्या माणसाची सावली जेमतेम एक फूट लांब असते आणि ती पश्चिमेकडे पडते. मूळ छायाचित्रातील मजुरांच्या सावल्या याच हिशेबाने पडल्या होत्या. सुपरमॅनची सावली मात्र चार फूट लांब होती आणि ती उलट दिशेला गेली होती.

हे गणित दर वेळी कागदावर मांडावे असे नाही, कारण उत्तर छायाचित्रातच लिहिलेले असते. शेजारच्या माणसाची सावली मोजली की पुरे. तरीही मी हे गणित विद्यार्थ्यांकडून एकदा तरी करवून घेतो. त्यातून ऊन ही केवळ उजेडाची मात्रा नसून त्याला दिशा, उंची आणि वेळ असते, हे त्यांच्या हाताला कळते.

सावलीच्या कडेचाही एक नियम आहे. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. म्हणून वस्तू जमिनीला टेकते तिथे सावलीची कड तीक्ष्ण असते आणि वस्तू जमिनीपासून जसजशी उंच जाते, तसतशी तिच्या सावलीची कड विरळ होत जाते. दोन मीटर उंचीवरील वस्तूच्या सावलीची कड साधारण दोन सेंटिमीटर मऊ असते. सॉफ्टवेअरमधील तयार सावली सर्वत्र सारखीच मऊ असते, आणि त्यामुळे तिच्यावर उभा असलेला माणूस जमिनीपासून चार बोटे वर तरंगल्यासारखा दिसतो. उडणाऱ्या नायकाच्या बाबतीत हा दोष खपून जाईल, असे त्या तरुणाला वाटले होते. प्रत्यक्षात तो अधिकच खटकत होता, कारण चित्रात तो उडत नव्हता, उभा होता.

चेहऱ्यावरील उजेडाची गोष्टही अशीच होती. डोक्यावरच्या उन्हात भुवयांखाली आणि नाकाखाली काळोख साठतो, तर वाळलेल्या मातीवरून परतलेला पिवळसर उजेड हनुवटीला खालून लागतो. सुपरमॅनचा चेहरा डावीकडून येणाऱ्या स्टुडिओतील मऊ दिव्यांत उजळलेला होता. त्यातही बागेच्या कडेला हिरव्या पानांतून गाळून येणारा उजेड मजुरांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर स्पष्ट हिरवी झाक देत होता. सुपरमॅनच्या निळ्या पोशाखावर त्या हिरव्याचा मागमूस नव्हता. झगा फडफडत होता, आणि त्याच्या मागची केळीची पाने मात्र निश्चल लोंबत होती.

यांतील बरेचसे दोष रंग आणि उजेड दुरुस्त करून कमी करता आले असते. एक दोष मात्र दुरुस्तीच्या पलीकडचा होता. मोबाईल उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर धरलेला होता. सपाट जमिनीवर अशा छायाचित्रात क्षितिजाची रेषा जवळच्या आणि दूरच्या प्रत्येक उभ्या माणसाला त्याच पाच फुटांच्या उंचीवर छेदते. इंटरनेटवरचा सुपरमॅन मात्र गुडघ्याच्या उंचीवरून टिपलेला होता, जशी नायकांची चित्रे भव्य दिसावीत म्हणून नेहमी टिपली जातात. त्याच्या हनुवटीची खालची बाजू दिसत होती. शेजारच्या मजुरांकडे आपण समोरून पाहतो आणि त्याच्याकडे खालून, ही विसंगती आकार लहान-मोठा करून मिटत नाही. चित्रकार दृष्टिकोन नव्याने रेखाटू शकतो. कापून चिकटवणाऱ्याला ती मुभा नसते. म्हणून मी त्याला दुसऱ्या प्रतीसाठी माणूसच नव्याने टिपण्याचा सल्ला दिला.

कोणता नायक, आणि त्याने किती उचलावे

सुपरमॅनऐवजी दुसरा कोणी घ्यावा का, हा प्रश्न या टप्प्यावर निघाला. पूर्ण मुखवटा असल्यामुळे स्पायडरमॅन सोपा पडला असता. तरीही सुपरमॅनच राहावा असा आग्रह मी धरला, आणि त्याचे कारण त्याच्या कथेत आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी निर्मिलेला हा नायक १९३८ मध्ये प्रथम छापून आला. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या या बाळाला वाढवणारे जोडपे स्मॉलव्हिल नावाच्या लहान गावातील शेतकरी आहे, आणि पुढील कथांनुसार त्याला बळ मिळते ते आपल्या पिवळ्या सूर्यापासून. शेतकऱ्याच्या घरी वाढलेला आणि उन्हातून शक्ती घेणारा हा माणूस ४५ अंशांच्या उन्हात खान्देशच्या बागेत आला, तर तो कमरेवर हात ठेवून उभा राहणार नाही. तो घड उचलेल. ज्येष्ठ मजुराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मूळ कथेतच होते.

मग त्याने किती घड उचलावे? तरुणाचा पहिला विचार होता की दोन्ही खांद्यांवर आणि डोक्यावर मिळून दहा-बारा घड ठेवावेत, म्हणजे त्याची शक्ती दिसेल. मला ते पटले नाही. एक घड वीस-पंचवीस किलोचा असतो आणि सरीवरून, ठिबकच्या नळ्या ओलांडत तो बांधापर्यंत वाहून नेणे हे मुळातच मोठे काम आहे. बारा घड उचलणारा नायक शेजारच्या माणसांचे काम क्षुल्लक ठरवतो. एक घड उचलणारा नायक ते काम किती जड आहे हे दाखवतो. मुकादमाचा मुद्दा अधिक व्यावहारिक होता. टोळीची मजुरी उक्ती असते, वाहिलेल्या मालावर ठरते. याने एकट्याने सारी बाग वाहिली तर आम्ही काय करायचे, असे त्याने गंभीरपणे विचारले. सुपरमॅनच्या खांद्यावर एकच घड राहिला.

अतिमानवांना रोजच्या जगात आणणाऱ्या चित्रांमध्ये मजा बहुतेक वेळा विसंगतीतून येते, आणि ती विसंगती स्वस्तात मिळवण्याचा मोह होतो. पोशाख झगझगीत आहे आणि भोवताल मळका आहे, एवढ्यावर हसू येते, पण ते हसू भोवतालच्या माणसांवर पडते. येथे मजुरांची हरकत नसती तरीही मला ते गैर वाटले असते. चित्रातील आश्चर्य नायकाने त्यांच्यात सामावून जाण्यात असावे, त्यांच्यापासून वेगळे उठून दिसण्यात नसावे.

दुसरी प्रत

शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी वेशभूषा भाड्याने देणाऱ्या दुकानातून पोशाख आणला. टोळीतील एक धिप्पाड तरुण मजूर तो घालायला तयार झाला. त्या दिवसाची पूर्ण मजुरी त्याला वेगळी दिली, आणि चित्र कुठे लावले जाणार आहे हे सर्वांना सांगून त्यांची संमती घेतली. त्याच बांधावर, त्याच वेळेला, मोबाईल त्याच उंचीवर धरून त्याची छायाचित्रे घेतली गेली. खांद्यावर खरा घड होता. या एका गोष्टीने जे साधले ते कोणत्याही संपादनाने साधले नसते : वजनाखाली मान एका बाजूला कलते, घडाच्या विरुद्ध बाजूची कंबर बाहेर येते, ओल्या मातीत पुढचा पाय सावधपणे पडतो. मोकळ्या हातांनी अभिनय करणाऱ्याला ही ठेवण जमत नाही.

झग्याचा प्रश्न त्या मजुरानेच सोडवला. खांद्याला घड रुतू नये म्हणून मजूर घडाखाली फडक्याची घडी ठेवतात. त्याने लाल झगा पुढे ओढून त्याचीच घडी खांद्यावर घेतली आणि उरलेला भाग कमरेला खोचला. डोक्याला इतरांसारखाच बागायती रुमाल बांधला. चेहरा रुमालाच्या सावलीत गेल्यामुळे तो कोणत्याही प्रसिद्ध अभिनेत्यासारखा दिसण्याची गरजच उरली नाही. या चित्राकडे पाहताना आजही माझी नजर प्रथम त्या झग्याच्या घडीवर जाते. सगळ्या चित्रातली ती सर्वांत बुद्धिमान गोष्ट आहे, आणि ती संगणकावर सुचलेली नाही.

एवढे सगळे जुळल्यावर संपादनाला काय उरले, असा प्रश्न पडू शकतो. बरेच उरले होते. मूळ छायाचित्रातील रांगेचा क्षण पुन्हा मिळणारा नव्हता, म्हणून नवा माणूस त्यातच बसवायचा होता. चित्राचे थर वेगळे ठेवून काम करण्याची सोय फोटोशॉपमध्ये १९९४ पासून आहे आणि विनामूल्य मिळणाऱ्या गिंपमध्येही ती आहे. या तरुणाने गिंपच वापरले. सर्वांत खाली मूळ छायाचित्र, त्यावर सुपरमॅन आणि त्याच्याही वर मूळ छायाचित्रातूनच घेतलेले, वाऱ्याने चिरफाळलेले एक केळीचे पान, अशी रचना केली. ते पान त्याच्या कोपरापुढे येताच तो चित्रावर चिकटवलेला न राहता चित्राच्या आत गेला. माणूस कशाच्या तरी पुढे आणि कशाच्या तरी मागे असावा लागतो, ही गोष्ट नवशिके फार वेळा विसरतात.

सावली दोन भागांत केली. तळव्याखाली अरुंद, गडद आणि तीक्ष्ण पट्टी. तिला लागून पश्चिमेकडे फूटभर जाणारा थोडा मऊ भाग. सावलीचा रंग शुद्ध काळा न ठेवता शेजारच्या मजुराच्या सावलीतून उचलला, कारण उघड्यावरच्या सावलीत आकाशाचा निळसरपणा असतो. हा थर मल्टिप्लाय पद्धतीने, म्हणजे खालचे न झाकता ते फक्त गडद करील असा, मातीत मिसळला, त्यामुळे मातीची ढेकळे सावलीतूनही दिसत राहिली. बुटाच्या कडांना चिखल लावला आणि ठिबकची नळी बुटाखाली अर्धी झाकली. भाड्याच्या पोशाखाच्या शिवणी आणि सुरकुत्या थोड्या कमी केल्या, पूर्ण काढल्या नाहीत. शेवटी संपूर्ण चित्रावर मोबाईलच्या छायाचित्राइतकाच बारीक खरखरीतपणा एकसारखा दिला.

चिकाचे डाग हे सर्वांत नाजूक काम ठरले. केळीचा चीक ताजा असताना पाण्यासारखा दिसतो, पण कपड्यावर वाळला की तपकिरी-काळा होतो आणि धुऊन निघत नाही. म्हणूनच कापणीला जाणारे मजूर जुने कपडे वेगळे ठेवतात. पोशाख भाड्याचा असल्याने त्यावर खरा चीक लागू देता येत नव्हता. त्या मजुराने घडाखाली घेतलेल्या स्वतःच्या जुन्या सदऱ्याचे खांद्याजवळचे छायाचित्र घेऊन त्यातील डाग निळ्या पोशाखावर बसवले. ओघळ कोणत्या दिशेने जातात, जुन्या डागावर नवा कसा चढतो, हे कल्पनेने काढता आले नसते. दुसरी प्रत टोळीला दाखवली तेव्हा मुकादमाने प्रथम खांदा पाहिला आणि मान डोलावली.

मधल्या काळात एका मित्राने हेच चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपकडून क्षणात करून दाखवले होते. सावल्या बऱ्यापैकी जुळल्या होत्या. पण बाग कुठलीही होती, केळीच्या फण्या चुकीच्या दिशेने वळलेल्या होत्या आणि रांगेतील माणसे या जगात कोणीच नव्हती. प्रदर्शनाला येणारे लोक ज्या माणसांना ओळखणार होते, तीच त्यात नसतील तर चित्राला अर्थ उरत नव्हता.

खोक्याची मागणी

प्रदर्शनानंतर केळीच्या एका व्यापाऱ्याने हे चित्र निर्यातीच्या खोक्यांवर छापण्यासाठी विकत मागितले. रक्कम चांगली होती. मी तरुणाला नकार देण्यास सांगितले, आणि त्याची कारणे येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण अशी मागणी इतरांकडेही येईल.

नवे छायाचित्र काढल्याने इंटरनेटवरील छायाचित्रकाराच्या हक्काचा प्रश्न मिटला होता, पण पात्राचा प्रश्न तसाच होता. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ खासगी वापर, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्त अशा कारणांसाठी न्याय्य वापराची मुभा देते. विडंबनासाठी स्वतंत्र सवलत त्यात लिहिलेली नाही. गावच्या मंडपातील विनामूल्य प्रदर्शनही पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही, परंतु मालाच्या खोक्यावरची छपाई हा उघड व्यापारी वापर आहे. १९३८ मधील पहिल्या कथेचे हक्क अमेरिकेत १ जानेवारी २०३४ रोजी संपतील, ते तिथल्या ९५ वर्षांच्या मुदतीमुळे. त्यानंतरही पुढील काळात त्या पात्रात आलेल्या गोष्टींचे हक्क आणि छातीवरील चिन्हाचे व्यापारचिन्ह म्हणून असलेले संरक्षण वेगळे राहील. खोके परदेशात जाणार होते, ही बाब धोका वाढवणारीच होती.

नकारासोबत तरुणाने व्यापाऱ्यासमोर दुसरा प्रस्ताव ठेवला : सुपरमॅन नसलेले मूळ छायाचित्र घ्यावे, आणि त्यात दिसणाऱ्या प्रत्येक मजुराला त्याच्या चेहऱ्याच्या वापराबद्दल वेगळे मानधन द्यावे. व्यापाऱ्याला प्रथम हे अनावश्यक वाटले. मजुरांनी प्रदर्शनासाठी दिलेली संमती खोक्यासाठी लागू होत नाही, हे त्याला समजावून सांगावे लागले. मराठीत साध्या शब्दांत लिहिलेले संमतिपत्र टोळीसमोर वाचून दाखवले गेले. एका मजुराने आपला चेहरा खोक्यावर नको असे सांगितले, म्हणून चित्राची चौकट डावीकडून कापून घेण्यात आली. बाकीच्यांचे मानधन ठरले आहे, आणि छपाई कांदेबागेचा (म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस लावलेल्या केळीचा) माल निघेल तेव्हा होणार आहे.